मुंबईत कपडे कुठून घ्यायचे: फुटपाथ, शोरूम आणि काचेच्या दारामागची दुकानं

मुंबईत नोकरीला नवीन आलेल्या माणसाला पहिल्या महिन्यात दोन सल्ले हमखास मिळतात. "फॅशन स्ट्रीटला जा, स्वस्तात मस्त मिळतं" हा एक. "फुटपाथवरचं घेऊ नकोस, एकदा धुतलं की पोतेरं होतं" हा दुसरा. दोघंही आपापल्या अनुभवाने खरंच बोलत असतात. एकाने कपडा बघून घेतलेला असतो, दुसऱ्याने भाव बघून.

स्वस्त, मधली आणि महागडी दुकानं यांच्यात मला दिसणारा मुख्य फरक एवढाच: माल तपासायचं काम कोणाच्या अंगावर आहे? फुटपाथवर ते सगळं तुमच्यावर. मधल्या शोरूममध्ये साइझ, शिलाई आणि बदलून देण्याची बरीचशी जबाबदारी दुकान उचलतं आणि त्याचे पैसे किमतीत धरतं. अगदी वरच्या दुकानात कपडा तुमच्या अंगावर नीट बसेपर्यंत त्यांची माणसं सोबत असतात, त्याचे, नावाचे आणि जागेच्या भाड्याचेही पैसे तुम्हीच देता. म्हणून कुठे जायचं हे खिशाबरोबरच तुम्हाला कपड्यातलं किती कळतं यावरही ठरतं. आणि ते शिकता येतं.

१. निघण्याआधी मापं घ्या

तुमच्या अंगावर सगळ्यात छान बसणारा शर्ट किंवा कुर्ता गादीवर सपाट पसरा. टेपने चार मापं घ्या: खांदा ते खांदा, बगल ते बगल, मागची लांबी, बाही. पँटची कंबर, मांडी आणि आतल्या शिवणीची लांबी. फोनमध्ये लिहून ठेवा आणि छोटी टेप बॅगेत टाका. फुटपाथवर ट्रायल रूम नसते आणि "एल" म्हणजे काय हे प्रत्येक कारखान्याचं वेगळं असतं. टेप काढलीत की विक्रेतासुद्धा जरा सरळ बोलतो.

यादी करताना कपड्यांचे ढीग मनातल्या मनात वेगळे करा. आठवड्यातून दोनदा अंगावर चढणारे ऑफिसचे कपडे एका बाजूला, गंमत म्हणून घ्यायचे दुसऱ्या बाजूला, लग्नाकार्याचे तिसऱ्या बाजूला. पैसा पहिल्या ढिगावर घाला. लोक नेमकं उलट करतात: एकदाच घालायच्या शेरवानीवर वीस हजार, आणि रोजच्या शर्टात तीनशे.

कापड निवडताना लोकल डोळ्यांसमोर ठेवा. मे महिन्यात सकाळच्या फास्टमध्ये पॉलिस्टरचा शर्ट घालून दारात उभं राहणं ही शिक्षा आहे. सुती, लिनन, फार तर सुती जास्त असलेलं मिश्रण घ्या. पावसाळ्यात मात्र गणित फिरतं. जुलैत जाड जीन्स चार-चार दिवस वाळत नाही, कुबट वास धरते. तेव्हा लवकर सुकणारी पातळ सिंथेटिक पँट शहाणपणाची.

२. रस्त्यावरचा बाजार

फॅशन स्ट्रीट म्हणजे महात्मा गांधी रोडवरची, आझाद मैदान आणि क्रॉस मैदानाच्या मधली गाळ्यांची रांग. चर्चगेट आणि सीएसएमटी दोन्हीकडून चालत जाता येतं. वांद्र्याला लिंकिंग रोड आणि हिल रोड, दक्षिणेला कुलाबा कॉजवे. कॉजवेवर पर्यटक जास्त, त्यामुळे बोललेला भावही चढा. रोजच्या वापराच्या कपड्यांसाठी मी फॅशन स्ट्रीट किंवा हिल रोड सांगेन. सकाळी दुकानं उघडल्यानंतर लगेच जा. गर्दी नसते, आणि भवानीच्या वेळी गिऱ्हाईक परत पाठवायला विक्रेता नाखूश असतो.

घासाघीस करायची तर आधी ऐका, मग बोला. संवाद साधारण असा होतो:

"साडेछेसौ का है मॅडम, आपके लिए पाचसौ."

"ढाईसौ."

"अरे ढाईसौ में तो कपडा भी नहीं आता. चलो, आप बोलो, लास्ट क्या दोगे?"

इथे लगेच तीनशेवर उडी मारू नका. कपडा उलटा करून बघत राहा, एखादा दोष दिसला तर शांतपणे दाखवा. वीस-तीस रुपयांनी वर सरका. पटलं नाही तर पुढे चाला. बोलावलं नाही तर समजा, तुमचा भाव खरंच कमी होता. पुढच्या गाळ्यावर तोच माल असतो. एक रिवाज मात्र पाळा: तुम्ही सांगितलेला भाव त्याने मान्य केला की कपडा घ्यायचा. मान्य झाल्यावर "नको" म्हणणाऱ्याला ऐकून घ्यावं लागतं आणि ते रास्तच आहे.

"एक्सपोर्ट सरप्लस" हा शब्द इथे सगळीकडे ऐकू येईल. परदेशी ऑर्डरमधून उरलेला किंवा बारीक दोषाने बाजूला काढलेला माल, असा त्याचा अर्थ. कधी तो खरा असतो. मानेमागचं लेबल कापलेलं किंवा त्यावर मार्करची रेघ, आणि आत बाजूच्या शिवणीत चार-पाच भाषांतली धुण्याच्या सूचनांची पट्टी असेल तर शक्यता बरी. अशा तुकड्यात दोष कुठे आहे ते शोधून काढा. एखादं बटण कमी असेल तर बिनधास्त घ्या. एक बाही दुसरीपेक्षा लांब असेल तर ठेवून द्या. छातीवर मोठ्ठा नामांकित लोगो आणि चारशे रुपये किंमत, म्हणजे नक्कल. असा कपडा ऑफिसात घालू नका. लोकांना कळतं.

३. कपडा उलटा करा

हा भाग नीट वाचा. तिन्ही प्रकारच्या दुकानांत हाच उपयोगी पडतो.

कपडा हातात घेतला की पहिल्यांदा त्याची आतली बाजू बाहेर काढा. बाहेरून सगळे कुर्ते छान दिसतात. आत काय बघायचं? शिवणीच्या कडेला उरलेलं कापड, म्हणजे माया, किती सोडली आहे. स्वस्तात ती जेमतेम पाव इंच असते, काठावरून इंटरलॉक मारून संपवलेली. बगलेत किंवा मांडीवर ताण आला की तिथूनच उसवतं, आणि कपडा सैल करायचा म्हटलं तर शिंप्याला कापडच उरत नाही. अर्धा इंच माया आणि दोनदा मारलेली शिलाई दिसली की कपडा टिकणारा.

दोन्ही हातांनी शिवण हलकेच ताणा. टाक्यांमधून पलीकडचा उजेड दिसला तर टाके लांब आणि सैल आहेत. काज बघा: कडेचे धागे आत्ताच सुटत असतील तर दोन महिन्यांत बटण आपोआप निघायला लागेल. चौकडीच्या शर्टाचा खिसा बघा. खिशावरच्या रेघा शर्टाच्या रेघांना जुळत असतील तर कापणाऱ्याने कापड वाया घालवून नीट काम केलं आहे, कारण जुळवायला जास्त कापड लागतं. स्वस्त शर्टात ही चैन परवडत नाही, म्हणून तिथे खिसा बेधडक वाकडा असतो.

टी-शर्टला उजेडासमोर धरा. आरपार बोटं दिसत असतील तर कापड पातळ. काही दुकानं जीएसएम लिहितात, म्हणजे एक चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन. १८० च्या आसपासचा टी-शर्ट अंगावर बरा पडतो, १४० चा काही धुण्यांत झोळ धरतो. मग टी-शर्ट खालून धरून बाजूच्या शिवणी सरळ खाली येतात का बघा. त्या पोटाकडे वळत असतील तर कापड तिरकं कापलंय, धुतल्यावर आणखी पिळेल.

शेवटी रंग. रुमालाचा कोपरा थोडा ओला करून आतल्या बाजूला घासा. रुमालाला रंग लागला तर तो कपडा सहा महिने वेगळा धुवावा लागणार. त्यासाठी तयार असाल तरच घ्या. लेबलवर व्हिस्कोस किंवा रेयॉन लिहिलेलं असेल तर ते वाईट नव्हे, मुंबईच्या उकाड्यात छान सुळसुळीत वाटतं. पण ओलं असताना ते नाजूक होतं आणि आटतंही. अंगाबरोबरचा रेयॉनचा कुर्ता घेऊ नका, एक साइझ सैल घ्या.

४. ठरलेल्या भावाची स्वस्त दुकानं

घासाघीस जमत नसेल तर झुडिओ, मॅक्स, ट्रेंड्स. झुडिओत बहुतेक कपडे हजाराच्या आत, आणि ते ऑनलाइन विकत नाहीत, दुकानातच जावं लागतं. शनिवारी संध्याकाळी ट्रायल रूमची रांग बघून परत फिराल, म्हणून आठवड्याच्या मधल्या दिवशी दुपारी जा.

झुडिओ आणि वेस्टसाइड दोन्ही टाटांच्या ट्रेंट कंपनीचीच. एकाच दिवशी दोन्हीकडे जाऊन सारखाच दिसणारा कुर्ता हातात घ्या, दोन्ही उलटे करा, कापड, माया, अस्तर, बटणं पडताळा. जास्तीचे पैसे कुठे गेले आणि कुठे गेले नाहीत, ते लेख वाचून कळणार नाही इतकं तिथे कळतं. माझं मत विचाराल तर घरातले कपडे, जिमचे टी-शर्ट, रात्रीचे पायजमे यांसाठी स्वस्त दुकान पुरतं. फॉर्मल पँट मात्र तिथून घेऊ नये. बैठकीच्या जागी कापड लवकर चमकायला लागतं.

५. मधली शोरूम

वेस्टसाइड, पँटलून्स, शॉपर्स स्टॉप, मार्क्स अँड स्पेन्सर, फॅबइंडिया, झारा, युनिक्लो. सगळ्यांना एका माळेत ओवणं बरोबर नाही, कारण हजाराचा कुर्ता आणि पाच हजारांचं जॅकेट दोन्ही इथेच येतात. शॉपर्स स्टॉपचं पहिलं दुकान १९९१ साली अंधेरीत उघडलं. आज मुंबईच्या बहुतेक मॉलमध्ये हीच नावं आलटून पालटून दिसतात.

इथे पैसे मोजता ते मुख्यतः भरवशाचे. एका ब्रँडची ४० साइझ एकदा बसली की पुढच्या वेळीही बहुधा बसते. ट्रायल रूम असते, ठरावीक दिवसांत बदलून मिळतं, पँटची लांबी कमी करून देतात. पण भरवसा म्हणजे हमी नव्हे. आतली बाजू इथेही बघाच. झगमगत्या दुकानात लोक ते करायला लाजतात.

ट्रायल रूममध्ये नुसतं आरशासमोर उभं राहू नका. दोन्ही हात वर करा, लोकलची कडी धरल्यासारखे. शर्ट कमरेतून सगळा बाहेर आला तर तो तुमच्यासाठी लांडा आहे. खाली बसा. पँट मागून किती उतरते ते बघा. मुलींनी कुर्त्याचा कट बसल्यावर कुठे येतो तेही बघावं.

सेल साधारण जानेवारीत आणि जून-जुलैत लागतो. पहिल्या आठवड्यात साइझ मिळतात, शेवटच्या आठवड्यात सूट मोठी पण उरलेले एक्सएस आणि डबल एक्सएल. ज्यांना साधे निळे-पांढरे शर्ट हवेत त्यांनी सेलपर्यंत थांबावं, रंगांची चैन करणाऱ्यांनी थांबू नये. "फॅक्टरी आउटलेट" अशा पाटीखाली कधी खास त्याच दुकानासाठी शिवलेला हलका माल असतो, तेव्हा नावावर न जाता पुन्हा शिवण बघा.

६. कापड घ्या, शिंप्याकडे टाका

मॉलमध्ये शिरण्याआधी या वाटेचा विचार करा. पुरुषांचा फॉर्मल शर्ट आणि पँट, बायकांचे सलवार-कुर्ते यात शिवून घेतलेला कपडा मधल्या शोरूमपेक्षा उजवा पडतो, असं माझं ठाम मत आहे. विशेषतः ज्यांचे खांदे रुंद आणि पोट सुटलेलं, किंवा उंची कमी, त्यांना तयार कपडा मनासारखा बसणं कठीणच.

मंगलदास मार्केट क्रॉफर्ड मार्केटच्या जवळ, सीएसएमटीहून चालत. मेट्रो ३ ने आलात तर काळबादेवी स्टेशन. आत बोळाबोळांत कापडाचे तागे छतापर्यंत रचलेले. पांढऱ्या गादीवर बसलेला व्यापारी एक तागा खणकन उलगडतो. रविवारी मार्केट बंद. दादर पूर्वेला हिंदमाता बायकांच्या ड्रेस मटेरियलसाठी प्रसिद्ध. भरती आणि जोराचा पाऊस एकाच दिवशी असेल तर हिंदमाताला पाणी तुंबतं, तेव्हा तिथे कापड खरेदीला जाऊ नये, हे मुंबईकराला सांगावं लागत नाही, नवीन माणसाला सांगावं लागतं.

दुकानात पहिला प्रश्न पन्ह्याचा, म्हणजे कापडाच्या रुंदीचा. ५८ इंच पन्ह्याच्या कापडात पूर्ण बाहीचा शर्ट साधारण १.६ मीटरमध्ये होतो, ३६ इंच पन्ह्याला सव्वादोन मीटरच्या वर लागतं. पँटला ५८ इंची कापड सव्वा मीटरच्या आसपास. उंच आणि जाड माणसाने जास्त धरावं. पन्हा न विचारता मीटरचा भाव ऐकून खूश होऊ नका.

शंभर टक्के कॉटन म्हणून दाखवलेल्या कापडाची शंका आली तर कडेचा एक धागा मागा. पेटती काडी लावली की सुती धागा कागदासारखा जळतो, त्याच वासाने, आणि मऊ राख उरते. पॉलिस्टर वितळतं आणि टोकाला काळा टणक मणी होतो. मिश्रणात दोन्ही थोडं थोडं दिसतं. दुकानदार स्वतःहून काडी पेटवतो तेव्हा बहुधा माल चांगला असतो.

घरी येऊन सुती कापड रात्रभर पाण्यात घाला, वाळवा, मगच शिंप्याकडे द्या. नाही तर ते शिवल्यानंतर आटेल. शिंपी शेजाऱ्यांना विचारून निवडा, पाटी बघून नव्हे. पहिल्यांदा एकच शर्ट टाका, तो बसला तर बाकीचे. आतून माया जास्त सोडायला सांगा. गणपती, दिवाळी आणि लग्नसराईच्या आधी शिंप्याने दिलेली तारीख पाळली जात नाही, म्हणून महिनाभर आधी टाका.

७. साडीचं गणित वेगळं

दादरच्या एकाच दुकानात, एकाच गादीवर दोन हजारांची आणि चाळीस हजारांची पैठणी मांडलेली दिसते, म्हणून दुकानावरून दर्जा ठरवता येत नाही. पदर उलटा करा. हातमागावरच्या पैठणीत नक्षी दोन्ही बाजूंनी जवळजवळ सारखी दिसते, कारण रंगीत धागे एकमेकांत अडकवून विणलेले असतात. मागे सुटे, कापलेले धागे किंवा त्यावर जाळी लावलेली असेल तर ती यंत्रमागावरची सेमी. सेमी घेण्यात कमीपणा काहीच नाही, हळदीकुंकवाला ती मजेत नेसावी. फक्त सेमीचा भाव द्यावा. रेशमासाठी सिल्क मार्कचं लेबल मागा.

८. काचेचं दार

लोअर परळचं पॅलेडियम, बीकेसीतला, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलातला, २०२३ च्या नोव्हेंबरात उघडलेला जिओ वर्ल्ड प्लाझा, फोर्टात हॉर्निमन सर्कलला हर्मेस हा फ्रेंच ब्रँड आणि जुन्या बँकेच्या इमारतीतलं डिझायनर सब्यसाचीचं चार मजली दुकान. पॅलेडियम उभं आहे ती जागा १९०५ साली सुरू झालेल्या फिनिक्स मिलची. गिरणगावातल्या कित्येक घरांतली माणसं त्या आवारात आधी हजेरीचं कार्ड घेऊन जायची.

आत जायला खरेदी करावी लागत नाही. दारातला माणूस दार उघडण्यासाठीच असतो. चप्पल कोणती आहे याची काळजी करू नका, "नुसतं बघतोय" एवढं म्हटलं की पुरतं. किमतीची चिठ्ठी दिसत नसेल तर विचारा, विचारल्यावर डोळे मोठे करू नका. घासाघीस तेवढी इथे नको.

बघायचं काय? जॅकेटची आतली बाजू. स्वस्त कोटात पुढच्या भागाला आतून कडक कापड गोंदाने चिकटवतात, काही ड्राय-क्लीननंतर तिथे फुगवटे येतात. चांगल्या कोटात ते टाक्यांनी बसवलेलं असतं आणि वापराने अंगाचा आकार घेतं. बटणं शिंपल्याची की प्लास्टिकची. लेहेंग्यावरची जरदोजी हाताने केलेली असेल तर मागच्या बाजूला टाके थोडे असमान दिसतात. यंत्राचं काम मागूनही एकसारखं. एवढ्या कारागिरीला लागलेले महिने बघितले तर किंमत पटते. मात्र त्याच दुकानातल्या पन्नास हजारांच्या लोगोवाल्या टी-शर्टात सूतच असतं. तिथे पैसे नावाचे. ते द्यायचे की नाही हा ज्याच्या त्याच्या हौसेचा प्रश्न, दर्जाचा नव्हे.

लग्नासाठी जाणार असाल तर बरेच महिने आधी जा, वेळ घेऊन. शेवटच्या दोन मापांच्या तारखा आधीच ठरवून घ्या. दोन लाखांच्या वरच्या खरेदीला पॅन लागतो, आणि दोन लाख किंवा जास्त रक्कम रोखीने घेता येत नाही. एका दिवसासाठी एवढा खर्च नको असेल तर शेरवानी, लेहेंगे भाड्यानेही मिळतात. भाड्याने घेताना डाग आणि फाटण्याबद्दलची अट लेखी घ्या.

९. बिल आणि पहिलं धुणं

२२ सप्टेंबर २०२५ पासून २,५०० रुपयांपर्यंतच्या कपड्यावर ५ टक्के जीएसटी आहे, त्यापुढे १८. ही मर्यादा एका नगाची आहे, एकूण बिलाची नव्हे. छापील कमाल किमतीत कर धरलेला असतो, वर वेगळा लावू देऊ नका. पिशवी घरून न्या.

"विकलेला माल परत घेतला जाणार नाही" अशी पाटी दिसली म्हणून सदोष कपडा तुमच्या गळ्यात राहत नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार बिलावर मुदत दिलेली असेल तर त्या मुदतीत, आणि दिलेली नसेल तर तीस दिवसांत सदोष वस्तू परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. दुकानाने ऐकलं नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करा. पण सदोष म्हणजे शिवण उसवलेली, रंग गेलेला. "घरी आल्यावर आवडला नाही" हे दुकानाच्या मर्जीवर. आणि फुटपाथवर बिल मिळत नाही, त्यामुळे तिथे बदलून घेणं विक्रेत्याच्या भलेपणावर.

रंग जाणं, आटणं, उसवणं हे सगळं पहिल्या एक-दोन धुण्यांतच बाहेर येतं. म्हणून नवा कपडा कपाटात घडी घालून ठेवू नका, आठवड्याभरात एकदा घालून थंड पाण्यात वेगळा धुवा, उलटा करून सावलीत वाळवा. धुतल्यावर जुन्याच मापांशी टेप लावून बघा. तोवर बिल आणि टॅग फेकू नका. बिलाचा कागद थर्मल असेल तर त्याची शाई उडते, त्याचा फोटो त्याच दिवशी काढून ठेवा.